जबड्याखालची गांठ : एका जुन्या संशयाचा इतिहास

मराठी भाषेंत गांठ हा शब्द मोठा मंगल आहे. लग्नांत वधूवरांच्या वस्त्रांची गांठ बांधतात, जुने स्नेही भेटले म्हणजे गांठ पडली असें म्हणतात, आणि शहाणा मनुष्य कामाच्या गोष्टीची मनाशीं खूणगांठ बांधतो. परंतु हाच शब्द शरीराच्या संबंधानें उच्चारला गेला, कीं घरांतील माणसांच्या तोंडचें पाणी पळतें. कानाच्या पाळीखालीं किंवा जबड्याच्या हाडाखालीं सुपारीएवढी गांठ हाताला लागली, कीं पहिला विचार कर्करोगाचा येतो. आणि दुसरा विचार, ही गोष्ट तूर्त कोणाला सांगूं नये, असा येतो. वास्तविक त्या जागीं उद्भवणाऱ्या पुष्कळशा गांठी कर्करोगाच्या नसतात; कित्येक तर अर्बुदेंहि नसतात. लाळ निर्माण करणारा पिंड तुंबतो, सुजतो किंवा निबर होतो, आणि अर्बुदाचें सोंग घेतो. हें सोंग ओळखावयास वैद्यकाला दोन हजार वर्षें लागलीं.

बुलढाणा जिल्ह्याकडे पाहिलें असतां या इतिहासाचे धागे एका ठिकाणीं दिसतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेनें या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग केले आहेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. खालीं पूर्णेच्या खोऱ्यांत मलकापूर, नांदुरा, खामगांव, शेगांव, जळगांव-जामोद. आगगाडी घाटाखालून गेली. १८६७ सालीं मुंबईचा लोहमार्ग नागपुरास पोंचला, आणि १८७० सालीं खामगांवच्या कापसाच्या पेठेपर्यंत त्याचा फांटा आला. ज्या वाटेनें वऱ्हाडचा कापूस मुंबईस जात होता, त्याच वाटेनें पुढें मुंबईची एक भीति वऱ्हाडांत आली.

१८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनीं प्लेगचे रोगी ओळखले. जांघेंत, काखेंत किंवा मानेंत गांठ येऊन दोनचार दिवसांत मनुष्य दगावतो, हें पाहून लोकांनीं त्या रोगाला गांठीचा ताप असें नांव दिलें. आगगाडीच्या स्थानकांवर उतारूंच्या जांघा, काखा आणि माना चाचपून पाहूं लागले. कांहीं वर्षांत ही सांथ वऱ्हाडांतहि पसरली. गांठ म्हणजे घर सोडणें, गांठ म्हणजे गांवाबाहेरची झोपडी, गांठ म्हणजे माणसांची ताटातूट, असा अर्थ त्या पिढीच्या मनांत पक्का बसला. प्लेग ओसरला, परंतु शब्दाला चिकटलेली भीति ओसरली नाहीं. तिनें फक्त रोगाचें नांव बदललें.

प्राचीन वैद्यांनीं मात्र सर्व गांठींना एका मापानें मोजलें नव्हतें. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांतील अकरावा अध्याय ग्रंथि, अपची, अर्बुद आणि गलगंड यांना वाहिलेला आहे. चार विकार एका अध्यायांत घेण्याचा हेतु उघड आहे : दिसण्यांत ते जवळजवळचे, म्हणून त्यांतील भेद वैद्यानें आधीं शिकला पाहिजे. ग्रंथि ती गोल, उंचवट्याची, गुंतवळीसारखी सूज. जबडा, मान, काख या ठिकाणीं ओळीनें उठणाऱ्या, पिकणाऱ्या, फुटणाऱ्या आणि पुनः नव्यानें येणाऱ्या लहान गांठी ती अपची. मराठींत जिला गंडमाळ म्हणतात ती हिची सख्खी बहीण. आणि अर्बुद तें, जें गोल, स्थिर, मंद वेदनेचें, खोल मुळाचें, हळूहळू वाढणारें आणि न पिकणारें असतें. गांठ हलते कीं स्थिर आहे, दुखते कीं मुकी आहे, पिकते कीं तशीच राहते, किती दिवसांत वाढली, हे प्रश्न आजचा शस्त्रवैद्यहि रोग्याला प्रथम विचारतो.

चरकसंहितेंतील ज्वराच्या प्रकरणांत आणखी एका सुजेची नोंद आहे. सन्निपातज्वराच्या शेवटीं कानाच्या मुळाशीं दारुण शोथ उठतो, आणि त्यांतून एखादाच वांचतो, असें तेथें म्हटलें आहे. याची उपपत्ति आतां कळते. दीर्घ तापांत रोग्याचें अंग कोरडें पडतें, लाळ आटते, आणि तोंडांतील जंतु लाळेच्या नळीनें उलटे वर चढून कानापुढचा पिंड पिकवितात. १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गार्फील्ड गोळी लागून अडीच महिने अंथरुणाला खिळले होते, तेव्हां त्यांचाहि उजव्या कानाखालचा पिंड असाच सुजून पिकला, आणि पुढील महिन्यांत त्यांचा अंत झाला. परंतु कानाखालची सारीच सूज अशी दारुण नसते. ग्रीसमध्यें हिपॉक्रटीसच्या परंपरेंतील ग्रंथांत थॅसॉस बेटावरच्या एका सांथीचें वर्णन आहे. तेथें तालमींतील तरुणांच्या कानांजवळ सूज आली, ती पिकली नाहीं, आणि बहुतेकांची आपोआप उतरली. हेंच आपलें गालगुंड. त्याचें कारण एक विषाणु आहे, हें जॉन्सन आणि गुडपाश्चर यांनीं १९३४ सालीं सिद्ध केलें.

एवढें निरीक्षण झालें, तरी एक मूळ प्रश्न शिल्लकच होता. तोंडाला सुटणारें पाणी येतें कोठून? लंडनच्या टॉमस व्हार्टन यानें १६५६ सालीं शरीरांतील पिंडांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि जबड्याखालच्या पिंडापासून जिभेखालीं येणारी नळी दाखवून दिली. पुढें १६६० सालच्या एप्रिल महिन्यांत ॲमस्टरडॅम येथें नील्स स्टेन्सन या बावीस वर्षांच्या डॅनिश विद्यार्थ्यानें मेंढीचें डोकें विच्छेदनासाठीं घेतलें असतां त्याची शलाका एका अनपेक्षित नळींत शिरली आणि दांतांवर आपटून तिचा आवाज झाला. कानापुढच्या पिंडाची लाळ गालांत कशी उतरते, याचा उलगडा त्या लहानशा आवाजानें झाला. लाळेचे मोठे पिंड सहा : दोन कानांपुढें, दोन जबड्याखालीं, दोन जिभेखालीं. शिवाय ओठ, गाल आणि टाळू यांच्या अस्तरांत शेंकडों बारीक पिंड विखुरलेले असतात. दिवसाकाठीं अर्धा ते दीड लिटर लाळ हे सर्व मिळून देतात.

नळी आहे म्हटल्यावर ती तुंबूं शकते, हें ओघानेंच आलें. आणि अर्बुदाचें सोंग घेणाऱ्या विकारांत ही तुंबलेली नळी फार पुढें आहे. जबड्याखालच्या पिंडाची लाळ अधिक दाट असते, तींत चुन्याचे क्षार अधिक असतात, आणि तिची नळी खालून वर चढत जाते. म्हणून लाळेचे खडे बनतात त्यांतले सुमारें ८० टक्के या पिंडांत बनतात. लोणारच्या तळ्याचें पाणी उन्हाळ्यांत मागें हटलें म्हणजे काठावर पांढऱ्या क्षाराची खरड उरते, हें त्या जिल्ह्यांतील लोकांनीं पिढ्यान् पिढ्या पाहिलें आहे. तळ्यांतील क्षार सोड्याचे, लाळेंतील चुन्याचे. तरी वाहतें न राहिलेलें पाणी आपला क्षार मागें टाकतें, हा न्याय दोन्हीकडे सारखा. खड्याची खूण मोठी बोलकी आहे. रोगी जेवावयास बसला, चिंच किंवा लिंबाची फोड तोंडांत गेली, कीं जबड्याखालीं गांठ टरारून फुगते आणि ठणकते. जेवण आटोपल्यावर तासा-दोन तासांत ती ओसरते. कर्करोगाची गांठ जेवणाच्या वेळा पाळीत नाहीं.

या ठिकाणीं घाटाखालच्या भागांतील एका शंकेचा विचार केला पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्ट्यांत विहिरींचें पाणी खारें आहे, आणि तेथील लोक अनेक दुखण्यांचा दोष त्या पाण्याला देतात. मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार त्या भागांत जुनी आहे. तेव्हां लाळेचे खडेहि पाण्यामुळेंच होत असतील, असा तर्क सहज होतो. इंग्लंडांत २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत जड पाण्याचे आणि हलक्या पाण्याचे प्रदेश घेऊन तेथील लाळखड्यांच्या रोग्यांची तुलना केली होती. तींत पाण्याचा आणि खड्यांचा संबंध आढळला नाहीं. तो अभ्यास जड पाण्याचा होता, खारपाणाचा नव्हे, हें खरें; तथापि सर्व दोष पाण्यावर टाकणें किती सोपें आणि किती असुरक्षित, हें त्यावरून कळतें. पाणी कमी पिणें, तोंड सदा कोरडें राहणें, लाळ आटविणारीं कांहीं औषधें घेणें, हीं कारणें अधिक जवळचीं आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत भूल देण्याची विद्या आली, जंतुघ्न औषधें आलीं, आणि शस्त्रवैद्यांच्या हाताला धीर आला. गांठ दिसली कीं कापून काढावी, असा काळ सुरू झाला. परंतु कानापुढच्या पिंडाच्या पोटांतून चेहऱ्याची मज्जा जाते. डोळा मिटणें, हंसणें, पाण्याचा घोट तोंडांत धरणें, हीं सारीं कामें तिच्या शाखा करतात. ती कापली गेली तर त्या बाजूचा डोळा मिटत नाहीं, ओठ लोंबतो, आणि तोंड कायमचें वांकडें होतें. कर्करोगच असेल तर जिवासाठीं ही किंमत द्यावी लागते. पण गांठ साध्या दाहाची निघाली तर? हा प्रश्न रोग्याच्या जन्माचा असतो.

१८८८ सालीं प्रशियांतील कोनिग्झबर्ग येथें योहान मिकुलिच या नामांकित शस्त्रवैद्यानें ४२ वर्षांचा एक शेतकरी आपल्या समव्यवसायी मंडळीपुढें मांडला. त्याच्या दोन्ही डोळ्यांचे अश्रुपिंड आणि दोन्ही बाजूंचे लाळपिंड इतके सुजले होते, कीं पापण्या उघडून पाहणें त्याला कठीण झालें होतें. ताप नव्हता, ठणका नव्हता, फक्त सूज. मिकुलिचनें कांहीं गांठी काढल्या आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या, तों पिंडांत बारीक गोल पेशींची दाटी आढळली. पुढें तो शेतकरी पोटांतील दाहाच्या निराळ्याच दुखण्यानें दगावला. परंतु मरणापूर्वीं त्याच्या उरलेल्या गांठी ओसरूं लागल्या होत्या. जी गांठ आपोआप ओसरते ती नेहमींच्या अर्थानें अर्बुद कशी म्हणावी, हें कोडें मिकुलिच १८९२ सालच्या आपल्या लेखानें मागें ठेवून गेला.

आणि १८९६ सालीं, म्हणजे मुंबईंत गांठीचा ताप आला त्याच वर्षीं, जर्मनींत हेर्मान क्यूट्नर यानें जबड्याखालच्या पिंडाच्या एका विकाराचें वर्णन केलें. पिंड दगडासारखा कठीण लागे, हळूहळू वाढे, आणि तपासणारा हात त्याला अर्बुदच म्हणे. पण काढलेल्या पिंडांत अर्बुदाच्या पेशी नसत. होता तो जुनाट दाह आणि त्यानें निबर केलेला मांसभाग. गंमत अशी, कीं वैद्यक आजहि या विकाराला क्यूट्नरचा ट्यूमर म्हणतें. लॅटिन भाषेंत त्या शब्दाचा मूळ अर्थ नुसती सूज एवढाच आहे. परंतु ज्या रोग्याच्या कागदावर तो लिहिला जातो, त्याला लॅटिन येत नसतें. एका तंतोतंत नसलेल्या नांवानें किती घरांत रात्रभर दिवा जळला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

सोंगाड्यांची यादी एवढ्यावर थांबत नाहीं. आपल्या देशांत त्यांतला एक ठळक म्हणजे क्षय. कानापुढच्या पिंडाच्या आंतच कांहीं लसीकाग्रंथि असतात. त्यांत क्षयाचे जंतु वसले, तर बाहेरून ती गांठ पिंडाच्या अर्बुदासारखी दिसते. अशी गांठ सुरीनें नव्हे, तर नेमानें घेतलेल्या क्षयाच्या औषधांनीं जाते. दीर्घ कुपोषणांत, मधुमेहांत आणि मद्यपानांत दोन्ही गाल वेदनेवांचून फुगतात, आणि तीहि सूज गांठीसारखी भासते. १९७३ सालीं अमेरिकेंतील एब्रम्स, मेलरोज आणि हॉवेल यांनीं टाळूवरच्या एका व्रणाचें वर्णन केलें. बारीक लाळपिंडांचा रक्तपुरवठा तुटून तो पडतो. डोळ्यांना तो कर्करोगासारखा दिसतो आणि सूक्ष्मदर्शकाखालींहि अनुभवी माणसाला चकवितो. परंतु कांहीं आठवड्यांत आपोआप भरून येतो. जेथें तंबाखू आणि सुपारी खाणें घरोघर आहे, तेथें असा व्रण दिसल्यावर भीति वाटणें स्वाभाविक आहे. ती भीति खोटी ठरावी यासाठींच तुकडा तपासावयाचा, आणि तपासणारा डोळाहि जाणता असावयाचा.

मिकुलिचच्या कोड्याचा उलगडा मात्र विलक्षण वळणांनीं झाला. स्वीडनमध्यें हेन्रिक श्योग्रेन यानें १९३३ सालीं डोळे व तोंड कोरडें पडणाऱ्या एका रोगाचें सविस्तर विवेचन केलें. त्यांतहि लाळपिंड सुजतात. १९५३ सालीं मॉर्गन आणि कॅसलमन यांनीं मिकुलिचचा रोग आणि श्योग्रेनचा रोग एकच, असा निर्णय दिला, आणि तो अर्धें शतक मान्य राहिला. पुढें जपानांत २००१ सालीं हमानो आणि त्याचे सहकारी यांनीं स्वादुपिंडाच्या एका दाहांत रक्तांतील आयजीजी-४ नांवाचें प्रतिद्रव्य फार वाढलेलें असतें, असें दाखविलें. मग त्याच देशांतील संशोधकांनीं मिकुलिचच्या आणि क्यूट्नरच्या सुजांमध्येंहि तेंच द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी शोधून काढल्या. प्रशियांतील शेतकऱ्याची सूज आणि क्यूट्नरचा कठीण पिंड बहुधा एकाच विकाराचीं दोन रूपें होतीं. आज अशी सूज स्टेरॉइडच्या गोळ्यांनीं पुष्कळदां विरघळते. ज्या गांठीसाठीं शंभर वर्षांपूर्वीं पिंडच काढावा लागे, ती गोळीनें जाते, याहून वैद्यकाचें मोठें यश कोणतें?

तथापि या इतिहासावरून गांठ म्हणजे कांहींच नव्हे, असा उलटा निष्कर्ष काढणें तितकेंच घातक होईल. कानापुढच्या पिंडांत खरीं अर्बुदें होतात, आणि त्यांतील सुमारें ८० टक्के निरुपद्रवी असलीं, तरी उरलेलीं तशीं नसतात. जबड्याखालच्या आणि टाळूवरच्या पिंडांत तर हें प्रमाण अधिक वाईट आहे. निरुपद्रवी अर्बुदहि वर्षानुवर्षें तसेंच ठेवलें तर कधींकधीं बिघडतें. श्योग्रेनच्या विकारांत पुढें लसीकाग्रंथींचा कर्करोग उद्भवूं शकतो, म्हणून त्या रोग्यांवर लक्ष ठेवावें लागतें. गांठ वेगानें वाढूं लागली, खालच्या मांसाला चिकटून बसली, मानेंत दुसऱ्या गांठी आल्या किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडूं लागली, तर एक दिवसहि दवडूं नये. बिब्बा घालणें, डाग देणें, चुना-हळदीचा लेप लावून वाट पाहणें, यांत जे महिने जातात ते परत मिळत नाहींत. भिऊन गांठ लपविणारा आणि बेफिकीरपणें ती विसरणारा, हे दोघे एकाच चुकीचे भागीदार. दोघांनींहि तपासणीपूर्वींच गांठीला नांव देऊन टाकलेलें असतें.

ही तपासणी आतां फार सोपी झाली आहे. न्यूयॉर्क येथें मार्टिन आणि एलिस यांनीं १९३० सालीं सुईनें गांठींतील पेशी ओढून तपासण्याची पद्धति प्रसिद्ध केली. पुढें स्वीडनमधील वैद्यांनीं बारीक सुई वापरून ती लाळपिंडांसाठीं रूढ केली. तिच्या जोडीला सोनोग्राफी आली, आणि खडा, गळूं व अर्बुद यांचा भेद पुष्कळ वेळां चीर न देतां कळूं लागला. महाराष्ट्रांत या विद्येचें मोठें पीठ म्हणजे २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईंत परळला उघडलेलें टाटा स्मारक रुग्णालय. तेथील विकृतिशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं गांठीचा निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीं झाला पाहिजे, ही शिस्त आपल्या शिष्यांच्या हाडींमांसीं खिळविली.

मात्र मलकापूरच्या स्थानकावरून परळ फार दूर होतें, आणि मेहकर-लोणारच्या माणसाला आधीं मलकापूरच दूर होतें. मुंबईंत वैद्यकाचें महाविद्यालय १८४५ सालीं निघालें. विदर्भांत, नागपुरास, तें १९४७ सालीं आलें. शेजारच्या अकोल्यांत २००२ सालीं. आणि बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं झालें. मुंबईची भीति आगगाडीनें थोड्या वर्षांत वऱ्हाडांत पोंचली होती. त्या भीतीचें उत्तर यावयास सव्वाशें वर्षें लागलीं. सुश्रुतानें चार गांठी एका अध्यायांत मांडल्या त्या वैद्यानें घाई करूं नये म्हणून. घाटावरच्या एखाद्या घरांत उद्यां कोणाच्या जबड्याखालीं गांठ हाताला लागेल, तेव्हां ती जेवतांना फुगते काय, हलते काय, किती दिवसांची आहे, एवढे प्रश्न विचारून त्या माणसाला जाणत्या डॉक्टरापुढें नेऊन बसविलें, आणि सुईचा निर्णय हातीं येईपर्यंत घरांत कोणीं त्या गांठीचें बारसें केलें नाहीं, तर तो अध्याय वाचल्याचें सार्थक झालें असें समजावें.